शिवता येते, बेतता येते का?

रमजानचे पंधरा रोजे झाले की शिंप्याच्या दुकानात ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते. मग घराघरांत शोधाशोध सुरू होते : कोणती आपा शिवून देईल, कोणती खाला मोकळी आहे? खरे तर मशीन घरात असते. मुलीने सुट्टीत शिवणक्लासही केलेला असतो. तरी ईदचे कापड घडीतच राहते, कारण त्याला कात्री लावायला कोणी धजत नाही.

मराठीत या कामाला नेमका शब्द आहे, बेतणे. उर्दूत त्यालाच ब्योंतना म्हणतात. शिवणे आणि बेतणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पैसा दुसऱ्यात आहे. मोठ्या दुकानात पाहा. माप घेऊन कापतो तो मास्टर. शिवतो तो कारीगर, नगावर मजुरी घेऊन. गिऱ्हाईक येते ते मास्टरच्या नावावर. आपल्या कित्येक बहिणी घरी बसून दुसऱ्याने कापलेले तुकडे शिवतात. हात सफाईदार, पण दर दुसराच ठरवतो.

जुना ड्रेस कापडावर पसरून त्याच्या कडेने कापायची पद्धत घरोघरी आहे. पुरुष शिंप्याकडे माप देणे नको म्हणूनही आपण नमुन्याचा ड्रेसच पाठवतो. पण जुन्या ड्रेसचा दोष नव्यात जसाच्या तसा उतरतो, आणि तो शिवला तेव्हाचे अंग आज असतेच असे नाही. बहिणीकडून किंवा लेकीकडून एकदा नीट माप घेऊन खाकी कागदावर स्वतःचा नमुना आखला, की तो पुष्कळ दिवस पुरतो. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. आपल्याला विकत घ्यायची गरज नाही, चौथीचे गणित पुरे.

छाती ३६ इंच धरू. कागद दुमडून घडीच्या बाजूने आखायचे, म्हणून छातीचा चौथा भाग, ९ इंच. त्यात १ इंच सैलपणा आणि १ इंच माया, एकूण ११. (शिलाईसाठी सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणणारी भाषा मला फार आवडते.) सैलपणा अर्धा इंच वाढवला की पूर्ण घेरात २ इंच वाढतात, हे विसरू नका. मोकळा कुर्ता हवा म्हणून अंदाजाने हात सोडला की तंबू होतो. तीरा १४ असेल तर निम्मा ७. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, म्हणजे ३. खांद्याचा उतार पाऊण इंच. मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या भागातून दीड वजा करून साडेसात. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत कोरायचा. मग कंबर आणि सीट याच रीतीने. बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी दोन्ही मुंढ्यांच्या बेरजेपेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त हवी, कमी मुळीच नको.

पहिला कुर्ता नव्या कापडाचा नको. जुन्या चादरीतून कापा, कच्च्या टाक्यांनी जोडा आणि घालून पाहा. हात वर करा, रुकूत वाका. काखेत घट्ट वाटले की नवशिकी मुंढा आणखी खाली उतरवते. नेमके उलटे होते : मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना सगळा कुर्ता वर ओढला जातो. अशा वेळी मुंढा थोडा वर घ्यावा आणि बाहीला दंडावर रुंदी द्यावी.

जुन्या कळीदार कुर्त्यात हा प्रश्न सोडवलेला होता. पाठ आणि पोट सरळ पट्टीचे, बाजूंना कळ्या, बाह्या चौकोनी, आणि काखेत लहानसा चौकोनी तुकडा, चौबगला. तो तिरका ताणला जाई, म्हणून हात मोकळा. कापडही फारसे वाया जात नसे. ज्यांना गोलाई कापायची धास्ती वाटते त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात उंची जाते. नमुन्यावर बाणाने उभा धागा दाखवा. तो बाण कापडाच्या काठाशी समांतर ठेवला नाही तर कुर्ता धुतल्यावर पीळ खातो. नाव, माप, तारीख आणि ‘माया धरून’ की ‘मायेशिवाय’ हेही लिहा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तेव्हा नमुने गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. वाढत्या मुलांचा नमुना मात्र दर ईदला नवा आखावा लागतो. त्या वेळी टेप मुलीच्याच हातात द्या आणि धाकट्या भावाचे माप तिला घेऊ द्या.