विरळ हवा आणि मुलींचा फुटबॉल

३० ऑक्टोबर २०२२. दिवाळी नुकतीच सरली होती. नवी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेनने कोलंबियाविरुद्ध १-० असा जिंकला. इथे देवणीत टीव्हीवर तो बघताना माझी भाची म्हणाली, ‘मामा, कोलंबियाची राजधानी तर डोंगरावर आहे. उंचावरच्या माणसांना दम जास्त असतो म्हणतात ना?’ भाची शाळेच्या संघात होती. ‘दमच नाही’ म्हणून तिला नुकतेच वगळले होते. शरीरशास्त्र मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. पण त्या प्रश्नामागे लागून जे वाचले, आकडेमोड केली, त्याचा हा गोषवारा.

हवेतील प्राणवायूचा वाटा समुद्रकाठी आणि डोंगरावर सारखाच असतो, सुमारे २१ टक्के. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीचा दाब १०० धरला, तर सहाशे मीटरच्या आसपासच्या आमच्या पठारावर तो ९३, बोगोटात (२,६०० मीटर) ७४ आणि लेहला (३,५०० मीटर) ६५ भरतो. दाब कमी, म्हणजे फुप्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलणारा जोर कमी.

फुटबॉलमध्ये याचा परिणाम चमत्कारिक दिसतो. एकदाच मारलेली जोरदार धाव फारशी मंदावत नाही, कारण त्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत साठलेली असते. दोन धावांमध्ये श्वास भरून यायला मात्र वेळ लागतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या सामन्यात त्यांचे मिनिटामागे धावलेले अंतर दहा टक्क्यांहून अधिक घटले. उलट चेंडूला हवेचा अडथळा कमी झाल्याने तो वेगाने जातो आणि कमी वळतो.

शरीर याला उत्तर देते. मूत्रपिंडे संप्रेरक सोडतात, अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी घडवू लागते. पण त्याला काही आठवडे लागतात. २०२५ ची कोपा अमेरिका महिला स्पर्धा २,८०० मीटरवरच्या क्विटोत झाली. तिथे तीन आठवडे काढलेला ब्राझीलचा संघ २ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात याच कोलंबियाशी १२० मिनिटे झुंजला. ४-४ बरोबरीनंतर पेनल्टीवर जिंकला.

मात्र या पेशी घडवायला लोह लागते, आणि बाईच्या अंगातले लोह दर महिन्याला पाळीत जाते. लोहच नसेल, तर डोंगरावर कितीही दिवस राहिले तरी नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत.

इथे मी थबकलो. भाचीचे रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन १० ग्रॅम निघाले. बाईला किमान १२ हवे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. देवणीत ते ९७ टक्के भरते असे धरले, तर भाचीच्या १०० मिलिलिटर रक्तात १३ मिलिलिटर प्राणवायू. लेहला नुकत्याच पोचलेल्या, १३ ग्रॅमच्या मुलीचे हिमोग्लोबिन ८८ टक्केच भरले, तरी तिच्याकडे १५ मिलिलिटर. दोन्ही अवस्था शरीराला अगदी सारख्या नसतात, हे खरे. तरी हिशेब बोलका आहे. आमची पोर सपाट माळावर, लेहहून उंच डोंगर अंगावर घेऊन धावत होती.

ती एकटी नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्याने भाचीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी आकडा १२ वर आला. संघाची निवड तोवर होऊन गेली होती. ती पुन्हा खेळू लागली, गल्लीतल्या पोरींबरोबर. माझे मागणे एवढेच, की निवडीच्या वेळी शिट्टी आणि घड्याळाबरोबर बोटातला थेंबभर रक्ताचा तपासही असावा.