मोफत शिक्षणाचा खर्च कोण करतो?

श्रोतेहो, गरीब कामगाराला हुन्नर शिकवण्यासाठी देणगीचा पैसा येतो, तो कुठे अडतो, एवढंच आज पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र अशा कसोट्या लावल्या आहेत. आम्ही तत्त्वज्ञानवाले पात्रावर फार बोलतो. देणगीदारही तेच करतात: दहावी पास आहे का, उत्पन्नाचा दाखला आणला का? काल मात्र सुटतो.

म्हणजे काय, तर हिशेबच करू. समजा, उमरग्याजवळच्या एका मजुराला रोज ४०० रुपये मिळतात. वायरमनचा दोन महिन्यांचा वर्ग निघाला, फी नाही. त्याचे कामाचे ५० दिवस बुडाले, म्हणजे २०,००० रुपये. एसटीचं भाडं वेगळंच. देणगीदाराने शिक्षक आणि साहित्यापोटी माणशी १२,००० दिले असतील, तर या वर्गाचा सर्वांत मोठा देणगीदार कोण? तो मजूरच की! फलकावर नाव मात्र दुसऱ्याचं. तिसऱ्या आठवड्यात घरातलं पीठ संपतं, तो येईनासा होतो आणि अहवालात 'गळती' अशी नोंद पडते. हा शब्द आम्हाला फार खटकतो.

याच भागात एकदा वेगळं घडलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं, लोहारा तालुका नंतर झाला. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती, शिवाय शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण होतं. जागतिक बँकेचं कर्ज होतं, सरकारचा पैसा होता, काही गावं देणगीदार संस्थांनी बांधून दिली. गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवलं, तेव्हा समोर बांधायला घरं होती. काम आधी उभं होतं, शिक्षण त्याच्या मागून आलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'ने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केलं. दुरुस्तीची मदत कशी मिळते, घर मजबूत कसं करायचं, हे त्या घरोघरी समजावत. पुढे बांधकाम आटोपलं, पण बायकांचं संघटन बचत गटांतून चालू राहिलं. पाठबळ म्हणतात ते हे.

मुदतीचंही तसंच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षं मदतीची हमी दिली होती. त्या पैशात विद्यार्थिनींचं राहणं-जेवणही येत होतं. आज एका वर्षाच्या प्रकल्पात नोकरीचा आकडा मागतात!

आता कायद्याकडे या. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगतं. रोजगाराची कौशल्यं त्यात बसतात. पण त्याच कलमात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य आहे. मोठे कारखाने पुण्या-मुंबईकडे, पैशाचा ओढा तिकडे, आणि आपली पोरंही तिकडेच जातात. देशाची कसोटी इथे चुकते.

तेव्हा उद्या कोणी उमरग्यात वर्ग काढायला आलं, तर बुडालेल्या मजुरीचं काय, बाईचं लेकरू तेवढा वेळ कोण सांभाळणार आणि वर्ग संपल्यावर सहा महिने कोण विचारपूस करणार, हे आधी विचारा. मशीन कुठल्या कंपनीचं, ते नंतर विचारलं तरी चालेल.