चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

उन्हाळी वाळवणं असोत, गोधड्या असोत की पैठणीच्या पर्सेस, आता छोट्या गावांतल्याही कितीतरी जणींनी आपल्या उद्योगाची वेबसाइट काढली आहे. नाव ठरवताना घरात चार दिवस चर्चा होते. सासूबाईंचं नाव द्यायचं की लेकीचं, पुढे 'गृहउद्योग' लावायचं की नको! पण एकदा का ते नाव इंटरनेटवर नोंदवलं, की त्याचे पैसे पुन्हा भरायचे असतात, हे मात्र साफ विसरायला होतं. आणि हा विसरभोळेपणा चांगलाच महागात पडतो बरं का!

नाव विकत नव्हे, भाड्याने

वेबसाइटच्या पत्त्याला 'डोमेन नेम' म्हणतात. ते आपण विकत घेतलं असं म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात ते नगरपालिकेच्या गाळ्यासारखं असतं. मुदत असेपर्यंत आपलं, मुदत संपली की नाही. कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी ते घेता येतं. साध्या डॉट कॉम नावाला वर्षाला हजार-पंधराशे रुपये पडतात. म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे. एवढ्याशा रकमेकडे कोण लक्ष देतं?

तारीख चुकली की...

मुदत संपली की थोड्याच दिवसांत वेबसाइट बंद पडते. त्या नावावरचा ई-मेलही बंद होतो. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर पाठवणाऱ्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाईंनी धंदाच बंद केला!

सुरुवातीला सवलतीचे काही दिवस मिळतात. ते प्रत्येक कंपनीकडे वेगवेगळे असतात, पण जास्तीत जास्त ४५. या काळात बहुतेक ठिकाणी नेहमीचेच पैसे भरून नाव चालू होतं. काही कंपन्या वर थोडा दंड लावतात. पण ४५ दिवस आहेत म्हणून निवांत राहू नका. काही कंपन्या महिन्याभराच्या आतच असं नाव लिलावात काढतात.

त्यानंतर येतो तो ३० दिवसांचा 'सोडवणुकीचा' काळ. गहाण टाकलेला दागिना सोडवावा तसंच हे. डॉट कॉम नावांचं मुख्य दफ्तर सांभाळणारी व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी अशा नावासाठी विक्रेत्या कंपनीकडूनच ४० डॉलर घेते. विक्रेता त्यावर आपला आकार लावतो. त्यामुळे अनेक ठिकाणी हा खर्च सात-आठ हजार रुपयांच्या घरात जातो, आणि नव्या वर्षाचे पैसे वेगळेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच!

तोही काळ गेला तर शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही. मग नाव खुलं होतं. अशी नावं टिपायला काही कंपन्यांचे संगणक टपूनच बसलेले असतात. नव्या मालकाने लाख रुपये मागितले, तर त्याला कोण अडवणार? जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागता येते, पण एका पंचापुढच्या तक्रारीची फीच दीड हजार डॉलर, म्हणजे लाखाच्या वर. शिवाय ते नाव आपला ट्रेडमार्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतलंय, हेही सिद्ध करावं लागतं. आपण विसरलो आणि दुसऱ्याने घेतलं, एवढं पुरत नाही.

थोरामोठ्यांचीही फजिती

हे फक्त आपल्यासारख्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही हं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली. हॉटमेल वापरणाऱ्या कित्येकांचे हाल झाले. शेवटी अमेरिकेतल्याच मायकेल चेनी या प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले! पुढे २००३ मध्ये त्याच कंपनीचं ब्रिटनमधलं हॉटमेलचं नावही मुदत संपून सुटलं होतं.

नाव नक्की कुणाच्या नावावर?

खरी मेख पुढेच आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा बहुतेक वेळा स्वतःच्याच खात्यातून, स्वतःचा ई-मेल देऊन नाव नोंदवतो. नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, शिवाय मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना यायलाच हवी. ती येतेही, पण त्याच्याकडे! तो नोकरीसाठी बंगलोरला गेला असेल तर? घराचा सातबारा आपण शेजाऱ्याच्या नावावर ठेवतो का? मग उद्योगाचं नाव का ठेवायचं?

एवढं कराच

* नोंदणी स्वतःच्या नावावर आहे ना, पाहा. नसेल तर आजच बदलून घ्या. खात्याचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर आपलाच हवा.
* खात्याला दिलेला ई-मेल त्याच वेबसाइटच्या नावावरचा नको. नाव बंद पडलं की तोही बंद!
* जमलं तर एकदम तीन-पाच वर्षांचे पैसे भरा. आपोआप पैसे कापण्याची सोय घेतली असेल, तर कार्डाची मुदतही तपासा.
* मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, गॅसच्या नंबराशेजारी.
* 'तुमचं नाव संपतंय, लगेच पैसे भरा' अशा फोनला भुलू नका. आपल्या खात्यात शिरून स्वतः पाहा.
* मुदत संपलीच असेल, तर त्याच दिवशी कंपनीला फोन करा. जितका उशीर, तितका खर्च.

वर्षानुवर्षं राबून कमावलेलं नाव हजार रुपयांपायी दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. नाहीतर मग बैल गेला नि झोपा केला, अशी गत व्हायची!