ऊन वाढले, पण माणसामुळे हे कशावरून?

बीड जिल्ह्यातल्या तेलगाव परिसरातून, धारूर-वडवणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका वाढला की राज्यातले गाळप जूनपर्यंत लांबले. त्यात २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. कोयता ठेवायच्या दिवसांत माणसे फडात राबत राहिली. उन्हाळा पूर्वीही कडक होताच. मग उन्हातली ही वाढ माणसामुळे झाली, हे कसे ओळखायचे?

एकट्या तेलगावच्या नोंदींवरून ते सांगता येणार नाही. पावसाने ओढ दिली की पुढचा उन्हाळा तापतो, पाऊस चांगला झाला की निवळतो. धरणाच्या पाण्यावर पोसलेली पिके बाष्प सोडून दिवसाची हवा थोडी गार ठेवतात. हवेतले धुराचे कण ऊन अडवतात. प्रदेश जितका लहान, तितकी खरी वाढ या चढउतारांत दडते. म्हणून अनेक वेधशाळांच्या कित्येक दशकांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात.

वाढ दिसली तरी कारण शोधायचे उरतेच. त्याची रीत क्लाउस हासेलमान यांनी घालून दिली. २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. प्रत्येक कारण हवामानावर आपला ठसा सोडते. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंड होत आहे. हा ठसा हरितगृह वायूंचा आहे. शिवाय संगणकावर केवळ सूर्य आणि ज्वालामुखी धरून गणित मांडले, तर अलीकडची वाढ निघत नाही. माणसाने सोडलेले वायू धरले की निघते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ दरम्यान देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, ते मुख्यतः हरितगृह वायूंमुळे. धूलिकण आणि जमिनीच्या वापरातील बदलांनी त्यातली काही वाढ झाकली आहे. आकडा लहान दिसतो. पण सरासरी सरकली की असह्य उन्हाचे दिवसही वाढतात.

ही वाढ माणसाची करणी आहे, म्हणून तिची जबाबदारीही ठरवता येते. लांबलेल्या हंगामात पहाटेची तोड, फडावर सावली आणि प्यायला पाणी हा तिची झळ सोसणाऱ्या मजुरांचा हक्क आहे. तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ मजुरीच्या, करारातच लिहिला गेला पाहिजे.