पाहुणा नव्हे, रिकाम्या जागेवरचा शिक्षक

जून उजाडला, बेळगावच्या खडेबाजारात वह्या-गणवेशांची गर्दी झाली की एक वाक्य हमखास कानी येतं: “यंदा वर्गाला अतिथी शिक्षक आहेत. कोणी रजेवर गेलं असेल, येतील पंधरा दिवसांत.” हा गैरसमज बहुधा ‘अतिथी’ या शब्दातूनच आला असावा. कर्नाटक शासनाने 2025-26 साठी सरकारी शाळांत सुमारे 51,000 अतिथी शिक्षक नेमायला मंजुरी दिली. शाळा सुरू होतानाच एवढे शिक्षक रजेवर जातात काय? या नेमणुका होतात त्या मंजूर पण रिकाम्या जागांवर. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 26 नुसार मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून अधिक पदं रिकामी ठेवता येत नाहीत. म्हणजे जागा कायमची, काम कायमचं. तात्पुरती आहे ती फक्त नेमणूक.

“तात्पुरत्या माणसाला तात्पुरताच पैसा,” हा पुढचा युक्तिवाद. प्राथमिक शाळेतल्या अतिथी शिक्षकाचं मानधन 2025 मधल्या वाढीनंतर महिना 12,000 रुपये झालं. राज्य सरकारी नोकराचं किमान मूळ वेतन मात्र ऑगस्ट 2024 पासून 27,000 आहे. काम सारखं असेल तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान वेतनाचं तत्त्व लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या जगजीतसिंग खटल्यात 2016 मध्येच सांगितलं आहे. यावर कोणी कर्नाटकाच्याच उमादेवी खटल्याकडे (2006) बोट दाखवेल: नियमबाह्य भरतीतून आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. मान्य. पण रीतसर भरतीच करू नका, असं तो निकाल कुठे म्हणतो? उलट पदं नियमाने भरा, हाच त्याचा अर्थ. भरती लांबवायची आणि निकालाआड लपायचं, याला कायदापालन म्हणत नाहीत.

बाकीचे समज एकेका ओळीत निकालात निघतात. “शिकलेले नसतात”: नेमणुकीला विहित पात्रता लागते. “उन्हाळ्यात घरबसल्या पगार”: मानधन शाळेच्या महिन्यांपुरतंच. “वर्षभराची तरी खात्री”: कायम शिक्षक बदलून आला की अतिथी त्याच दिवशी मोकळा. तीच मुलं, तेच पुस्तक, मधेच तिसरा आवाज. याची किंमत वर्गच मोजतो.

बेळगाव असो वा निपाणी, सरकारी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, पालकच बसतात. पुढच्या बैठकीत शिक्षकाबद्दलच्या तक्रारीआधी दोन आकडे मागा: मंजूर पदं किती आणि रिकामी किती.