फलकावर आपलं गाव

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि महाड-पोलादपूरच्या भिंती ओल धरायला लागतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारा हा मुलूख. खळीने चिकटवलेला घोटीव कागद सुटून येतो, क्रेपच्या झालरी मलूल होतात, टाचण्या गंजून कागदावर तांबूस डाग पाडतात. म्हणून इथे वर्गातला भित्तिफलक सजवायचा तर आधी जागा निवडावी लागते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी. फलकामागे लाकडी पट्ट्या ठोकून बोटभर फट ठेवली की हवा खेळती राहते. मार्च 2018 मध्ये राज्याने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा अक्षरं कापायला जाड पुठ्ठा आणि पार्श्वभूमीला ताणून बसवलेलं गोणपाट किंवा जुनी सुती साडी बरी. दमट हवेत हे कागदापेक्षा जास्त टिकतं.

फलक किती भरावा, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये बालवर्गातल्या 24 मुलांना विज्ञानाचे सहा धडे शिकवले, काही सजवलेल्या वर्गात तर काही जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या वर्गात. मोकळ्या वर्गातल्या धड्यांवर मुलांची 55 टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या वर्गातल्या धड्यांवर 42 टक्के. चित्रविचित्र भिंतींकडे मुलांचं लक्ष सारखं वळत होतं. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाने 27 शाळांमधले 153 वर्ग पाहून 2015 मध्ये अहवाल दिला. अगदी ओकीबोकी भिंत नको आणि खचाखच भरलेलीही नको, 20 ते 50 टक्के जागा मोकळी ठेवावी, असं त्यात सुचवलं आहे.

मग उरलेल्या जागेत काय लावायचं? बाजारातून आणलेली कार्टूनची चित्रं आणि छापील सुविचार देशातल्या कुठल्याही वर्गात शोभतील. महाड-पोलादपूरच्या मुलांपाशी त्याहून कितीतरी मोलाचं सामान आहे.

महाडच्या चवदार तळ्याचंच पाहा. तिथल्या सत्याग्रहाच्या दिवशी, 20 मार्चला, नुसती तसबीर आणि हार लावण्याऐवजी एक दोरी ताणून तिच्यावर चार पुठ्ठे अडकवता येतात. 1923, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा मुंबई विधिमंडळातला ठराव. 1924, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव. 1927, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह. 1937, उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल. ठराव झाल्यावरही पाणी का मिळालं नाही आणि निकालाला दहा वर्षं का लागली, हे प्रश्न दोरीकडे पाहता पाहता मुलंच विचारतात.

पोलादपूरच्या शाळेला ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी गावातच सापडेल, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठही तालुक्यातलंच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1896 मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले. अशी माणसं आणि ठिकाणं तालुक्याच्या हाताने काढलेल्या नकाशावर नोंदवली, तर इयत्तेचं वर्ष संपेपर्यंत नकाशा भरत जातो.

पावसाळ्याचा फलक मात्र सावित्री नदीचा असावा. महाबळेश्वरला उगम, पोलादपूर, महाड आणि पुढे बाणकोटची खाडी, असा तिचा निळा पट्टा. त्याच्या शेजारी सरळ बाजूंच्या बाटलीच्या पर्जन्यमापकाने मोजलेला रोजचा पाऊस. 22 जुलै 2021 ला महाड पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. या तालुक्यातल्या मुलांना पावसाचा आकडा वाचता येणं, धोक्याच्या वेळी कुठे जायचं ते ठाऊक असणं फार गरजेचं आहे, आणि हे दोन्ही फलकावर मांडता येतं.

हे सारं शिक्षकांनी रात्री जागून करायचं काम नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. ताजा मजकूर मिळाला की मुलं आपणहून वाचतात. आता तो मजकूर मुलांनीच लिहावा. चार-पाच जणांचा गट करावा, गटाकडे पंधरा दिवस फलक द्यावा. उंची मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला, अक्षरं मागच्या बाकावरून वाचता येतील एवढी. शुद्धलेखन शिक्षकांनी पेन्सिलीने दाखवावं, दुरुस्ती मुलांनी करावी.

उतरवलेल्या कागदांच्या मागे तारीख आणि गटाचं नाव लिहून ते एका फाइलमध्ये ठेवावेत. यंदाच्या सातवीने जुलैत मोजलेला पाऊस पुढच्या वर्षीच्या सातवीला तुलनेसाठी आयता मिळेल, आणि गणिताच्या तासाला आलेख काढायला आपल्याच गावचे आकडे हाताशी असतील.