डिझेलची बचत आणि विम्याचा हिशेब

कापडाच्या गाठी असोत की लाकडी सामान, वाहतुकीचा खर्च वाढला की व्यापारी बंधूंच्या मनात येते, जुन्या पेट्रोल गाडीत ट्रॅक्टरचे छोटे डिझेल इंजिन बसवावे. पंजाब, हरियाणा, राजस्थानातील मिस्त्रींनी तर पाण्याच्या पंपाच्या इंजिनावर ‘जुगाड’ गाड्याच उभ्या केल्या. त्यांच्या हुनराची आम्ही कदर करतो.

बचत खोटी नाही. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण नऊपट दाबले जाते, डिझेल इंजिनात हवा सोळा ते वीसपट. म्हणून तेवढ्याच इंधनातून काम जास्त निघते. पण ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांसाठी बनलेले असते. डिफरन्शियल न बदलल्यास गाडी रेंगाळते. वजन वाढल्याने स्प्रिंग आणि ब्रेक कमी पडतात. शिवाय ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले. पूर्वीची स्वस्ताई राहिली नाही.

खरा धोका पुढे आहे. जुगाड हे मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणी व विमा लागतोच, असे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ठरवले. गाडीतील फेरबदलांवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईपायी दुकान विकावे लागेल. जखमीचा हक्क बुडाला, तर बचतीत बरकत कसली?

म्हणून मिस्त्रीला बयाणा देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडून लेखी उत्तर घ्या. ते मिळाले नाही, तर इंजिनाला हात लावू नका.